जोशी मास्तरांचा मुलगा

घर सोडून गेलेल्या मुलाचा शोध घेणारा बाप हा विषय आपणांस नवा नाही. श्रीमद्भागवताच्या आरंभीच तो येतो. उपनयनही न झालेले शुकदेव सर्वसंगपरित्याग करून निघाले, तेव्हा विरहाने व्याकुळ झालेले व्यास त्यांना हाका मारीत मागे गेले. आणि त्या हाकांना ओ दिली ती मुलाने नव्हे, रानातल्या वृक्षांनी. पुराणिकबुवा या प्रसंगातून शुकांची ब्रह्मनिष्ठा विशद करतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्याने वेदांचे विभाग केले, महाभारत रचले, त्या महर्षीलाही पुत्र निघून गेल्यावर हाका मारीत जावेसे वाटले, ही गोष्टही त्याच श्लोकात आहे. समर्थ रामदासांविषयीची परंपराही तशीच. बोहल्यावरून निघून गेलेला बारा वर्षांचा नारायण जांबेला परतला तो सुमारे चोवीस वर्षांनी. तोवर मातोश्री राणूबाईंची दृष्टी वाट पाहता पाहता गेली होती, असे सांगतात. जाणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. मागे राहिलेल्याचे चरित्र बहुधा एका वाक्यात आटोपते.

ही उणीव अलीकडे चित्रपटांनी काही अंशी भरून काढली आहे. शाजी करुण यांचा ‘पिरवी’ हा मल्याळम चित्रपट १९८९ साली कान येथील महोत्सवात गौरविला गेला. शिकावयास गेलेला मुलगा घरी येत नाही आणि म्हातारा बाप रोज त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, एवढेच त्याचे कथानक. त्याच्या पाठीशी केरळातील राजन प्रकरणाची छाया आहे. आणीबाणीत, मार्च १९७६ मध्ये, पोलिसांनी नेलेल्या या अभियांत्रिकी विद्यार्थ्याचे वडील ईच्चर वारियर यांनी १९७७ साली केरळ उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला, आणि त्या अर्जाचे पर्यवसान मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्यात झाले. मुलगा मात्र परत आला नाही. रिची मेहता यांच्या ‘सिद्धार्थ’ या २०१३ सालच्या चित्रपटातील बाप दिल्लीच्या रस्त्यांवर चेन दुरुस्त करणारा आहे. बारा वर्षांचा मुलगा लुधियान्याच्या कारखान्यात कामास धाडलेला. दिवाळीला तो परतत नाही. पोलीस छायाचित्र मागतात, तर या बापाजवळ मुलाचे एकही छायाचित्र नाही.

असे चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक एका प्रश्नापाशी थांबतो: मुलगा सापडेल काय? परंतु ज्यांचा व्यवसाय कुटुंबांचे तंटे ऐकण्याचा आहे, त्यांना दुसरा प्रश्न अधिक अवघड वाटतो. मुलगा सापडला, पुढे काय? या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच मुलखात, बेळगाव-धारवाडच्या टापूत, १९३३ ते १९३६ या काळात घडून गेले आहे. त्यातील मुलाचे नाव साऱ्या देशास ठाऊक आहे. बापाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. म्हणून हा लेख.

गदगचे घर

४ फेब्रुवारी १९२२ रोजी रोण येथे भीमसेन जोशी यांचा जन्म झाला. रोण व गदग ही गावे तेव्हा मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात मोडत. वडील गुरुराजाचार्य जोशी हे शिक्षक. कन्नड-इंग्रजी शब्दकोश सिद्ध करणारे हे विद्वान गृहस्थ. आजोबा भीमाचार्य कीर्तनकार. आईच्या कंठी भजने. घर माध्व वैष्णवांचे, बोलणे कन्नड, आणि मुलांची संख्या पुढे सोळापर्यंत गेली. भीमसेन त्यांतील थोरले.

या मुलाला पायाला भिंगरी आणि कानाला सुराचे वेड उपजतच होते. गावातून भजनाची दिंडी निघो, लग्नाची वरात वाजत जावो, वा मशिदीतून बांग ऐकू येवो, हा त्या आवाजामागे चालू लागे. चालता चालता घर मागे राही. दमला की असेल तेथे झोपी जाई. मग आईबापांची धावपळ आणि पोलीस चौकीच्या खेपा. असे वारंवार होऊ लागले, तेव्हा गुरुराजाचार्यांनी एक उपाय शोधून काढला. मुलाच्या सदऱ्यावर त्यांनी ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ अशा अर्थाची अक्षरे लिहून ठेवली. सापडेल त्याने वाचावे आणि घरी आणून पोहोचवावे.

ही गोष्ट आजवर गमतीची म्हणून सांगितली गेली आहे. ती थोडी गंभीरपणे घेण्यासारखी आहे. अशा मुलास खोलीत कोंडणारे, खांबाला बांधणारे बाप त्या काळी पुष्कळ होते, आणि त्यांना कोणी नावेही ठेवली नसती. गुरुराजाचार्यांनी मुलाचे चालणे बंद केले नाही. तो परत यावा अशी व्यवस्था केली. पुढे मोठ्या प्रसंगी त्यांनी जे केले त्याचे बीज या सदऱ्यावरच्या अक्षरांत आहे, असे मला वाटते.

ग्रामोफोन आणि आगगाडी

मुलाने घर कशासाठी सोडले? निमित्त अगदी क्षुल्लक. भातावर तूप वाढण्यावरून आईशी कुरबुर झाली, आणि अकरा वर्षांचा भीमसेन पानावरून उठून चालता झाला. कारण मात्र फार आधीचे. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी दुकानातल्या ग्रामोफोनवर त्याने ऐकली होती, आणि असे गाणे आपणांस आलेच पाहिजे हा ध्यास घेतला होता. कुर्तकोटीच्या चन्नप्पांकडे थोडे शिक्षण झाले. परंतु त्याने भूक भागण्याऐवजी वाढली.

या दोन गोष्टी नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत, कारण त्यांवाचून ही कथा घडली नसती. पहिली ग्रामोफोनची तबकडी. त्यापूर्वी मोठ्या गवयाचे गाणे ऐकावयाचे, तर दरबारात वा श्रीमंतांच्या माडीवर प्रवेश हवा. तबकडीने ते गाणे दुकानाच्या दारात आणले. खेड्यातल्या शाळामास्तरांच्या मुलाला ज्या विद्येचे नावही कळले नसते, ती विद्या त्याच्या कानावर पडू लागली. पण शिकावयास मिळेना. दुसरी गोष्ट आगगाडी. गदग हे त्या वेळच्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचे जंक्शन. एक फाटा हुबळीस, एक विजापूरवरून सोलापूरकडे. त्याच रेल्वेची लोंढा, बेळगाव, मिरज अशी वाट पुण्यास पोहोचे. रामदासांना पायी जावे लागले. भीमसेनास डब्यात शिरणे पुरेसे होते. खिशात पैसा नव्हता. तिकीट तपासनिसाला आणि उतारूंना गाणे ऐकवावे, कोणी दिले ते खावे, कोणी उतरविले तर पुढली गाडी धरावी, अशा रीतीने विजापूर, पुणे आणि अखेर ग्वाल्हेर हा प्रवास झाला.

ग्वाल्हेरीस हाफीज अली खाँ यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. तेथेही चित्त स्थिरावले नाही. दिल्ली, लखनौ, रामपूर, कलकत्ता अशी भ्रमंती चालली. कलकत्त्यास पहाडी सन्याल या त्या वेळच्या नामांकित चित्रपट-नटाच्या घरी हा मुलगा घरकाम करून राहिला होता. पुष्कळ वर्षांनी सन्याल भीमसेनांच्या मैफलीस आले, तेव्हा गवई म्हणून मान डोलावून ऐकलेला हा पुरुष आपल्या घरी कामाला असलेला पोरगा आहे, हे त्यांना त्यानेच सांगावे लागले.

शोध

आता ही तीन वर्षे गदगच्या घराकडून पाहू. आज पडद्यावर हा प्रसंग दाखवावयाचा तर दिग्दर्शक दूरध्वनी, छायाचित्रे, वार्ताहर यांची गर्दी करील. १९३३ साली शाळामास्तरांच्या हाती काय होते? टपालाची कार्डे, ओळखीपाळखीचे लोक आणि देवाचा धावा. मुलगा कोणत्या दिशेने गेला एवढाच तर्क करता येण्यासारखा होता: जेथे गाणे असेल, तेथे. पण हिंदुस्थानात गाणे कोठे नव्हते?

शिवाय मागे संसार होता. धाकटी मुले होती, शाळेची नोकरी होती. सगळे सोडून शोधास निघावे तर घरची चूल विझते. न निघावे तर मन खाते. चित्रपटातील बाप बहुधा एकाच मुलाचा असतो, आणि म्हणून त्याला वणवण करण्यास मोकळीक असते. प्रत्यक्षातील बापाला एका डोळ्याने रस्त्याकडे आणि दुसऱ्याने उरलेल्यांच्या ताटाकडे पाहावे लागते.

भीमसेन अखेर पंजाबात जालंधरला पोहोचला होता. तेथे मंगतराम नावाच्या अंध धृपदियाकडे तो शिके. जालंधरच्या हरवल्लभ संगीत मेळ्याची कीर्ती जुनी. त्या निमित्ताने पंडित विनायकराव पटवर्धन तेथे गेले होते. आपल्या मुलखातले पोर इतक्या दूर पाहून त्यांनी विचारपूस केली, आणि सांगितले की, तू गुरूसाठी पंजाबात फिरतोस. पण तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व बसले आहेत, त्यांच्याकडे जा. पुढे वडील शोध काढीत जालंधरला पोहोचले आणि मुलास घेऊन परतले, असे चरित्रांत नमूद आहे.

नाट्यमय चित्रपट येथे संपला असता. बापलेकांची मिठी, आईचे अश्रू, शेवटची चौकट. परंतु गुरुराजाचार्यांची खरी परीक्षा येथून सुरू झाली. तीन वर्षे ज्याने डोळ्यांत पाणी आणले, तो मुलगा घरात आहे. त्यास शाळेत घालावे? पहारा ठेवावा? रीतभात सोडून गेला म्हणून प्रायश्चित्त द्यावे? त्यांनी यांपैकी काही केले नाही. १९३६ साली त्यांनी त्यास कुंदगोळला नेऊन सवाई गंधर्वांच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या, स्वाधीन केले. गुरूच्या घरी पाणी भरणे, पडेल ते काम करणे आणि तोडी, मुलतानी, पूरिया असे मोजके राग वर्षानुवर्षे घोटणे, हा क्रम सुमारे पाच वर्षे चालला. ज्या मुलाला बापाने मोठ्या कष्टाने परत मिळविले, त्याला त्याच बापाने पुन्हा घराबाहेर सोडले. फरक एवढाच की, या वेळी तो कोठे आहे हे घरास ठाऊक होते.

दुसरा बाप, दुसरी आई

या घटनेची तुलना करण्याजोगी दोन उदाहरणे त्याच काळात आहेत. गदगपासून सुमारे शंभर मैलांवर, बेळगावनजीक सुळेभावी येथे, ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ जन्मास आला. हाच पुढे कुमार गंधर्व. याच्या वडिलांना मुलाचा गळा लहानपणीच कळला. त्यांनी त्यास हाती धरून गावोगाव मैफली करविल्या, आणि अकराव्या वर्षी मुंबईस देवधर मास्तरांकडे शिकावयास ठेविले. दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेली, एकाच मुलखातली, घरी कन्नड बोलणारी ही दोन मुले. एकाचा बाप पुढे चालला, दुसऱ्याचा मागे धावला.

गोमंतकात तर आईच घराबाहेर पडली. कुर्डी गावच्या जयश्रीबाईंनी आपल्या मुलीस फिरत्या नाटक मंडळीत नेले, का तर गाणे शिकावे म्हणून. १९१४ साली आई गेली, तेव्हा मुलगी अवघी दहा वर्षांची होती. ती मुलगी म्हणजे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. ज्या कुर्डीतून ती निघाली, तो गावही पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. मंगेशीच्या दीनानाथांनी कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत पाऊल टाकले, हेही वाचकांस ठाऊक आहेच. विद्येसाठी मुलाने घर सोडणे ही आपल्याकडे केवळ बंडाची गोष्ट नव्हती. घरानेच ती कधी मान्य केली, कधी सोसली.

कायद्याची बाजू

गुरुराजाचार्य वकिलाकडे गेले असते तर त्यांना काय सल्ला मिळाला असता? १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३६१ प्रमाणे कायदेशीर पालकाच्या ताब्यातून अज्ञानास पळविणे हा अपराध. मुलाच्या बाबतीत वयाची मर्यादा त्या वेळी चौदा, मुलीच्या बाबतीत सोळा. १९४९ साली त्या अनुक्रमे सोळा व अठरा झाल्या. भीमसेन अकरा वर्षांचा, म्हणजे संरक्षणास पात्र. पण त्यास कोणी नेलेच नव्हते, फूस लावली नव्हती. आरोपी म्हणून उभे करावयाचे तर अब्दुल करीम खाँच्या तबकडीलाच करावे लागले असते! १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम २५ खाली ताबा परत मिळविण्यासाठी अर्ज करता येतो; परंतु त्यासाठी पाल्य कोठे आहे हे कळावयास हवे. म्हणजे कायदा सापडलेल्या मुलाविषयी बोलत होता. हरवलेल्या मुलाविषयी मूक होता.

त्याच कलम २५ मध्ये एक अर्थपूर्ण अट आहे. पाल्य पालकाकडे परत देणे पाल्याच्या हिताचे असले, तरच न्यायालयाने तसा हुकूम करावा. बापाचा हक्क हा मुलाच्या हितापुढे गौण, हे तत्त्व त्या ब्रिटिश अमदानीच्या कायद्यातही होते. गदगच्या मास्तरांनी हे कलम वाचले असो वा नसो, ते आचरणात आणले.

पुढील काळात कायद्याने बरीच मजल मारली. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या अर्जावर आदेश दिला की, मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी, आणि अपहरण वा तस्करी झाली आहे असे गृहीत धरून तपास सुरू करावा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ ने मुलगा-मुलगी हा वयाचा भेद काढून दोघांसही अठरा वर्षांपर्यंत संरक्षण दिले. त्याच दिवशी अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला असो, खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते. निपाणीच्या वाचकांस याचे महत्त्व विशेष सांगावयास नको. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल, आणि कागल म्हणजे दुसरे राज्य. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही रेषा पक्की झाली. पण घर सोडून निघालेल्या मुलास ती दिसत नाही. तो कोल्हापूरच्या एस.टी.त बसतो आणि तासाभरात दुसऱ्या पोलिसांच्या हद्दीत जातो. आधी कोणत्या राज्यात तक्रार करावी, या घोळात मोलाचा पहिला दिवस जाऊ नये, म्हणून हे कलम ध्यानात ठेवावे.

ज्यांचा शोध झालाच नाही

भीमसेनांची कथा वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की, घर सोडणारे प्रत्येक पोर मोठे होऊन परत येते. इतिहास परत आलेल्यांची नोंद ठेवतो. त्याच गाड्यांतून निघालेली आणि कोठल्या खाणावळीत, कारखान्यात वा फलाटावर जिरून गेलेली मुले किती होती, याचा हिशेब कोणाजवळ नाही. वाटेत भेटलेली माणसे चांगली निघाली, हे भीमसेनांचे दैव.

आणि आपल्या या सीमाभागाच्या पदरी एक वेगळे दुःखही आहे, जे देवळाशी बांधलेल्या समाजाने झाकून ठेवता कामा नये. सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिल्या गेलेल्या मुलींना कोणी ‘हरवलेल्या’ म्हटले नाही. गळ्यात दर्शन बांधले की त्या देवीच्या झाल्या. पुढे त्यांतील कित्येक मुंबईच्या पेठांत पोहोचल्या, आणि त्यांना शोधण्यास कोणी निघाले नाही, कारण घरच्यांनीच त्यांना दिले होते. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली या रूढीविरुद्ध कायदे झाले. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ या २००९ सालच्या मराठी चित्रपटाने हे जग पडद्यावर आणले. गदगच्या मुलामागे बाप तीन वर्षे होता. या मुलींच्या मागे कोणी नव्हते, आणि देवाचे नाव मात्र पुढे होते. मुलास बाहेर सोडणे आणि मुलीस टाकून देणे यांतील अंतर सदऱ्यावरच्या त्या अक्षरांएवढे आहे: हे मूल आमचे आहे, सापडले तर आम्हांस कळवा, असे म्हणणारे कोणी आहे की नाही.

आपल्या हातचे

सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात चालू झालेला उत्सव भीमसेनांनी आयुष्यभर वाहिला. कन्नड घरातला हा मुलगा मराठी मुलखात राहिला. तुकोबांचे अभंग आणि पुरंदरदासांची पदे त्याच्या एकाच गळ्यात नांदली. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले, आणि २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. ज्या दोन भाषांच्या नावाने आपल्या भागात इतकी वर्षे दावे आणि मोर्चे चालले आहेत, त्या दोन्ही भाषांच्या देवघरांत हा आवाज सारख्याच हक्काने वाजतो. हे फळ गुरुराजाचार्यांच्या सोसण्याचेही आहे.

आपल्या देवस्थानांच्या जत्रांत आजही मुले हरवतात. भजनामागे, पालखीमागे चालत जाणारी पोरे आजही आहेत. प्रत्येक जत्रेत देवस्थान समितीने चुकलेल्या मुलांसाठी एक मांडव आणि ध्वनिक्षेपकाची सोय ठेवावी. लहान मुलांच्या सदऱ्याला नाव, गाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी लावण्यास आईबापांस सांगावे. आणि १०९८ हा मुलांच्या साहाय्याचा क्रमांक दीपमाळेजवळच्या फलकावर ठळक लिहावा. खर्च नाममात्र आहे. युक्ती तर नव्वद वर्षांपूर्वीच गदगच्या एका शाळामास्तरांनी शोधून ठेवली आहे.

मोठ्या मुलांच्या बाबतीत चिठ्ठी पुरणार नाही. पंधरा-सोळा वर्षांचे मूल घर सोडून जाते, तेव्हा ते कोणत्या आवाजामागे गेले हे घरास ठाऊक असावे लागते. गुरुराजाचार्यांना ते ठाऊक होते. म्हणून शोध कोठे घ्यावा हे कळले, आणि मुलगा सापडल्यावर त्यास कोठे न्यावे हेही कळले.